चेअरमनबाईच्या सुनेचा डबा

पांगरवस्तीच्या पारूबाईला सगळा आष्टी तालुका ‘चेअरमन’ म्हणून ओळखतो, असं पारूबाईचं स्वतःचं म्हणणं होतं. तालुक्याचं सोडा, कड्याच्या बाजारातले भाजीवाले तिला ‘या चेअरमन’ म्हणायचे आणि भाव मात्र सगळ्यांना लावायचे तोच लावायचे. पारूबाईला तेवढ्यावर समाधान होतं.

ती चेअरमन झाली ते असं. वस्तीवर महिला सहकारी दूध संस्था काढायचं ठरवलं बाप्यांनी. योजना बायांसाठी होती, म्हणून सह्यांपुरत्या बाया लागत होत्या. हरिबाच्या बायकोला स्वतःचं नाव न अडखळता लिहिता येतं, एवढ्या भांडवलावर पारूबाई चेअरमन झाली. पहिल्या सभेला बाया सतरंजीवर बसल्या. तालुक्याच्या साहेबासाठी एक लोखंडी खुर्ची मांडलेली होती. साहेब काही आला नाही. बराच वेळ सगळे त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले. मग पारूबाई उठली, पदर सारखा केला आणि खुर्चीत जाऊन बसली. दारातून हरिबानं डोळे वटारले, मोठ्यानं खाकरला. पारूबाई म्हणाली, "तिकडं थुकून या, आन् सभा चालू करा." तेव्हापासून खुर्ची काही सुटली नाही.

आणि खोटं कशाला बोला, काम तिनं चोख केलं. दुधात पाणी दिसलं की कॅन परत. मग तो सख्खा दीर का असेना. दिरानं वर्षभर बोलणं टाकलं. पारूबाई म्हणाली, "बरं झालं बाई, तेवढाच निवांतपणा." डेअरीच्या भिंतीवर तिनं निळ्या रंगात मोठ्या अक्षरात लिहून घेतलं होतं : ‘आधी लेकराला, मग डेअरीला’. दर वर्षीच्या सभेत ती यावर भाषण करायची. घरचं लेकरू उपाशी ठेवून शहराला दूध पाजू नका, गरवारशी बाईला आधी पेलाभर द्या, मग कॅन भरा. भाषण लई भारी व्हायचं. बाया डोळ्याला पदर लावायच्या.

आणि पारूबाईच्या घरी काळा चहा व्हायचा.

दूध कासेतून चरवीत, चरवीतून कॅनमध्ये आणि कॅनमधून थेट डेअरीत. मधे कुणाचं तोंड लागत नव्हतं. पाहुणा आला की पारूबाई वाटीभर दुधासाठी भामाबाईकडं माणूस धाडायची. भामाबाई म्हणजे संस्थेची व्हाइस चेअरमन. तिच्याकडं पाहुणा आला की ती पारूबाईकडं धाडायची. दोन्ही वाट्या रिकाम्या परत यायच्या. पाहुणे काळा चहा प्यायचे आणि आपल्या गावी जाऊन चेअरमनच्या घरच्या दुधाची तारीफ करायचे. वस्तीवर हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं, कारण घरोघर तेच होतं.

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात तर थेंब न् थेंब मोलाचा झाला. विहिरी ठणठणीत कोरड्या. पाणी टँकरचं, चारा छावणीचा. वस्तीवरच्या सगळ्या म्हशी कड्याच्या रस्त्याला छावणीत बांधलेल्या आणि त्यांच्या सोबतीला बापे. हरिबा आणि पोरगा शहादेव तिथंच मुक्कामाला असायचे. शहादेव दोन्ही वेळचं दूध सायकलवरून घरी आणून द्यायचा आणि परत जायचा. घरी राहायच्या पारूबाई आणि सून अयोध्या.

अयोध्या तिकडची, गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याची. अंगानं काटकुळी, बोलायला कमी. लग्नाला पाच वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोटात काही टिकलं नाही. आता तिसरी खेप होती, सहावा महिना लागला होता, आणि पारूबाईचा जीव टांगणीला लागलेला होता. सून उठली तरी "हळू", बसली तरी "हळू". पायाला सूज दिसली म्हणून नगरच्या डॉक्टरला दाखवलं, तर तो म्हणाला, मीठ जरा कमी खा. पारूबाईनं ‘जरा कमी’चा अर्थ ‘बंद’ असा घेतला. तेव्हापासून अयोध्याचं कालवण वेगळं, अळणी. बिचारी काही न बोलता गिळायची.

अशात एका संध्याकाळी वस्तीवर जीप आली. लोकांना वाटलं, टँकरची चौकशी आली. तर जीपमधून उतरली रुकसाना. बीडच्या कय्युम मिस्त्रीची लेक. बापाचं गाड्या दुरुस्तीचं दुकान. ही शिकली आणि पुण्याच्या डॉक्टर लोकांच्या एका पाहणीत कामाला लागली. ती सरळ चेअरमनच्या घरी आली आणि म्हणाली, "मावशी, चमचाभर मीठ द्या."

पारूबाईनं आत्ताच देवापुढं दिवा लावला होता. "मीठ? ह्या टायमाला? दिवा लागला की मीठ घराभाईर जात नसतं पोरी. सकाळी ये, पाकीटच घेऊन जा."

"भाईर न्हाई नेत मावशी. हितंच थेंब टाकून बघते."

पारूबाईनं क्षणभर विचार केला. यात काही आडवं येत नव्हतं. "मग हरकत न्हाई. पर उंबऱ्याच्या आत बस."

रुकसाना उंबऱ्याच्या आत बसली. मिठावर बाटलीतला थेंब टाकला तसं मीठ जांभळं झालं. पारूबाईला ते आवडलं. "पास झालं ना?"

"मीठ पास झालं मावशी. माणसं अजून ऱ्हायलीत."

मग तिनं सगळं उलगडून सांगितलं. आयोडीन म्हणून एक चीज असते, ती मिठात घातलेली असते. पण पाकिटात असली म्हणजे पोटात गेलीच असं कुठं आहे? कुणी मीठ जास्त खातं, कुणी कमी. शिवाय ती दुधातून मिळते, कुठं कुठं पाण्यातून मिळते, दुकानच्या खाऱ्या पदार्थांतूनही थोडी येते. तर पांगरवस्तीच्या गरोदर बायांना कशातून किती मिळते, हे मोजायचं होतं. मोजायची रीत अशी : एक दिवस ती बाई जे खाईल, जे पिईल, ते जेवढ्याला तेवढं पांढऱ्या डब्यात घालायचं. अर्धी भाकरी खाल्ली, अर्धी डब्यात. घोटभर चहा घेतला, घोटभर डब्यात. डबा पुण्याला जाणार, तिथं यंत्रावर बघणार. आणि सोबत लघवीची एक बाटली, अंगातून ती किती निघते ते बघायला.

"दुष्काळात अन्न डब्यात घालून नासवायचं?" पारूबाई म्हणाली.

"डब्यापुरतं पीठ-डाळ आमी देऊ मावशी. आन् डब्यात न्हाईतर बाटलीत जिचं कमी निघंल तिला बाळंतपणापर्यंत गोळ्या मिळतील. ही चीज कमी पडली तर लेकराचं डोकं वाढत न्हाई. कधी कधी तर पोटात टिकतच न्हाई लेकरू."

पारूबाईच्या हातातली काडेपेटी तिथंच थांबली. चुलीशी अयोध्या पाठमोरी बसली होती. तिनं मान वळवली नाही, पण ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अयोध्यानं नेमाप्रमाणं कपभर काळा चहा घेतला आणि तेवढाच मोजून डब्यात ओतला. पारूबाई वाकून बघत होती. पांढऱ्या शुभ्र डब्याच्या तळाला ते काळं पाणी असं काही उठून दिसत होतं की तिला बघवेना. हा डबा पुण्याला जाणार. तिथले डॉक्टर झाकण उघडणार. वर चिठ्ठी असणार : पांगरवस्ती, चेअरमनची सून. म्हणजे भिंतीवर निळी अक्षरं आणि डब्यात काळा चहा! इज्जतीचा पार पंचनामा.

शहादेव दूध ठेवून नुकताच गेला होता. पारूबाईनं चरवी उचलली आणि चांगलं पेलाभर दूध डब्यात ओतलं. मग थोडं आणखी ओतलं.

"आत्याबाई," अयोध्या म्हणाली, "मी पेले न्हाई ना ते."

"डबा पेला असं समज."

"मग गोळ्या?"

पारूबाईनं तेही रात्रीच मनाशी पक्कं केलं होतं. "अगं, बाटली तर खरीच जाणार हाय. बाटलीत कमी निघालं की गोळ्या मिळत्यात. डब्यात इज्जत, बाटलीत खरं. दोन्ही काम झालं." आणि असा तोडगा आपल्याला सुचला याचं तिला खरोखर कौतुक वाटलं.

डब्याच्या काठावर दुधाचा थेंब सांडला होता, तो अयोध्यानं बोटानं टिपला आणि बोट पदराला पुसलं. संध्याकाळीही चरवी आली आणि पुन्हा तेच झालं. अळणी कालवणाचंही पारूबाईला बरं दिसेना, म्हणून डब्यातल्या कालवणात तिनं चिमूटभर मीठ घातलं.

त्या दिवशी डेअरीत दूध एकदम कमी आलं. पारूबाईचं तर कमी होतंच. भामाबाईचंही कमी. ज्या ज्या घरी दिवस गेलेली लेक-सून होती, त्या त्या घरचं कॅन हलकं. एक म्हणाली, म्हशीनं लाथ मारली. दुसरी म्हणाली, छावणीतला चारा बदलला. भामाबाई म्हणाली, "उन्हाळ्याचं व्हतं असं." पारूबाई खुर्चीतून सगळ्यांची तोंडं बघत होती. सगळं तिच्या ध्यानात आलं. ती फक्त "बरं" म्हणाली.

काही दिवसांनी एका सकाळी निकाल सांगायला पुण्याचे मोठे डॉक्टर स्वतः आले. सभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. तालुका दूध संघाचे राधाकिशनराव कडक इस्त्रीत आले, सोबत हार आणि फोटो काढणारा माणूस. पारूबाईला मधल्या खुर्चीत बसवलं.

डॉक्टर गोड बोलणारे होते. म्हणाले, इतके चांगले डबे आम्हाला कुठल्याच वस्तीवर मिळाले नाहीत. मीठ पाकिटाचं आहेच. पण इथल्या गरोदर बायांना निम्म्याहून जास्त आयोडीन मिळतंय ते दुधातून. दुष्काळात, छावणीतल्या म्हशींच्या दुधातून! टाळ्या झाल्या. राधाकिशनरावांनी सर्वांत जास्त वाजवल्या. ते उठून म्हणाले, हे आम्ही संघाच्या प्रत्येक डेअरीवर लिहिणार, चेअरमनबाईंच्या फोटोसकट. हार पारूबाईच्या गळ्यात पडला.

"एकच अडचण आहे," डॉक्टर पुढं म्हणाले. "बाटल्यांत आयोडीन कमी निघालंय. फारच कमी. आता जेवणात एवढं असताना अंगातून निघताना नाही, असं कसं होईल? ऊन फार होतं, बाटल्या गाडीत तापल्या असतील, काहीतरी बिघाड झाला असेल. म्हणून आम्ही बाटल्यांचा आकडा बाजूला ठेवलाय आणि डबा खरा धरलाय. तेव्हा पांगरवस्तीला गोळ्यांची गरज नाही. त्या आम्ही दुसऱ्या गावाला देतोय."

पुन्हा टाळ्या झाल्या.

जे खरं होतं ते ह्या शहाण्यानं बाजूला ठेवलं होतं, आणि जे पारूबाईनं आपल्या हातानं चरवीतून ओतलं होतं ते खरं धरलं होतं. आता तिला सुटायला वाटच नव्हती. मागं खांबाला टेकून अयोध्या बसली होती. एक हात पोटावर होता. लोक टाळ्या वाजवतात म्हणून तिनं तोही हात काढला आणि सगळ्यांसारख्या टाळ्या वाजवल्या. गोळ्या गेल्या हे तिला कळलं होतं आणि तरी ती वाजवत होती. ते पारूबाईनं बघितलं.

ती उठली. गळ्यात हार तसाच.

"डॉक्टरसाहेब, बाटल्या तापल्या न्हाईत."

"म्हणजे?"

"बाटली खरी हाय. डबा खोटा हाय."

शेजारून भामाबाईनं तिचा पदर ओढला. पारूबाईनं तो सोडवून घेतला. "माझ्या सुनंनं दूध पेलं न्हाई. मी वतलं डब्यात."

"का ओतलंत?"

"चेअरमन हाय म्हणून."

रुकसाना कोपऱ्यात डोक्याला हात लावून उभी होती. डॉक्टर म्हणाले, "मग त्या रोज काय घेतात?"

"काळा चहा. भाकर. अळणी कालवण."

"अळणी? मीठ अजिबातच नाही?"

"तुमच्यातल्याच एकानं सांगितलं कमी खा म्हणून."

"आणि दूधही नाही?"

"न्हाई."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. राधाकिशनराव हसत हसत पुढं आले, पण ते हसू ओठापुरतंच होतं. "चेअरमनबाई, उन्हाचा त्रास झालेला दिसतोय. बसा, पाणी घ्या."

"मी बसले की गोळ्या दुसऱ्या गावाला जात्यात," पारूबाई म्हणाली. "मी उभीच ऱ्हाते."

आणि ती उभी राहिली. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

डॉक्टरांनी सगळ्या बायांकडं नजर फिरवली. "आणि बाकीच्या डब्यांचं काय?"

कुणी जमिनीकडं बघतंय, कुणी बांगड्या फिरवतंय. "आमच्यात पेत्यात बाई," भामाबाई तेवढ्यात म्हणाली. डॉक्टरांनी पारूबाईकडं बघितलं. त्या दिवशीची सगळी हलकी कॅनं तिच्या डोळ्यांपुढून गेली. "बाकीच्यांचं मला काय म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "मी माझ्या घरचं सांगितलं."

पण डॉक्टर इतके भोळे नव्हते. त्यांनी रुकसानाला जवळ बोलावलं, काहीतरी पुटपुटले आणि जाहीर केलं की डबे पुन्हा घ्यायचे, सगळ्यांचे. तोवर बाटली खरी धरायची. बाटलीत जिचं जिचं कमी आहे, तिला तिला आजच गोळ्या. म्हणजे जवळपास सगळ्यांनाच. पहिली गोळी अयोध्याच्या हातावर ठेवून ते म्हणाले, मीठही खायचं, थोडंसं, पण खायचं. आपल्या सुनेचं पाकीट भामाबाईनंही घेतलं. "घेऊन ठेवते," ती म्हणाली, "न जाणो."

राधाकिशनराव चहा न घेताच निघून गेले. तसाही काळाच मिळाला असता.

घरी आल्यावर पारूबाईनं हार काढून खुंटीला अडकवला. संध्याकाळी शहादेव दूध ठेवून गेला. पारूबाईनं चूल पेटवली, कॅनमध्ये काही घालण्याआधी पितळी पेला भरून दूध बाजूला काढलं, ते तापवलं आणि अयोध्यापुढं ठेवलं.

"डेअरीत कमी भरंल, आत्याबाई."

"भरू दे."

अयोध्यानं पेला हातात घेतला आणि भिंतीकडं तोंड केलं. सासूपुढं बसून दूध प्यायची तिला सवय नव्हती. दोन घोट घेऊन ती थांबली. तिचे खांदे हलायला लागले. पारूबाईला वाटलं, ठसका लागला. मग कळलं, ती रडत होती.

"कावून रडतीस?"

"काय न्हाई." जरा वेळानं ती म्हणाली, "पहिल्या दोन येळंला..." आणि पुढचं तिनं सोडून दिलं.

पारूबाई तिच्या मागं येऊन उभी राहिली. हात पाठीवर ठेवावा की नाही हे तिला कळेना, म्हणून तिनं तो चुलीच्या जाळाकडं धरला. तिलाही कधीकाळी दिवस गेलते. शहादेवच्या आधी आणि शहादेवच्या नंतर. त्यातलं एकलं शहादेवच राहिलं.

"मला कुणी दिलं न्हाई," ती म्हणाली. "म्हणून मी तुला दिलं न्हाई. दुसरं कायबी कारण न्हाई बग."

अयोध्यानं मान हलवली. उरलेलं दूध तिनं सावकाश संपवलं आणि पेला उलटा ठेवला.

पारूबाई कॅन घेऊन डेअरीत गेली. मापाला भामाबाई बसली होती आणि मागं बायांची रांग लागली होती. भामाबाईनं कॅन रिकामं केलं, माप बघितलं, परत बघितलं. सकाळच्या सभेचा राग तिच्या आवाजात होता.

"चेअरमन, लई कमी भरलं की आज. काय झालं?"

"काय न्हाई झालं," पारूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "सुनंनं पेलं."